भरतीचा नमुना, इरईचा काठ

जानेवारीत एका सकाळी विशाखाला फोन केला. पंधरा वर्षांनी. म्हटलं, "चंद्रपूरला यायचं म्हणतेय. भेटशील?" मग ती म्हणाली, "रविवारी सुट्टी हाय. ये." तेवढ्यावर मी तिकीट काढलं.

आम्ही दोघी ठाण्यात पाणी तपासणाऱ्या एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत काम करायचो. खाडीत मासे मरून वर आले म्हणून कोळीवाड्यातल्या एकाने तक्रार केली होती. ओहोटीला घेतलेल्या आमच्या नमुन्यात प्राणवायू जवळजवळ नव्हताच. साहेब म्हणाले, भरतीला पुन्हा नमुना घ्या आणि वेळ ओहोटीची लिहा. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं, घाण पातळ होते, आकडे सुधारतात. विशाखाने त्या अहवालावर सही करायला नकार दिला. मी सही केली. आठवड्याभरात नोकरी जाऊन ती माहेरी चंद्रपूरला परतली आणि तिची खुर्ची मला मिळाली. आता ती प्रयोगशाळाही बंद पडली आहे. मी एकटी राहते, आणि दिवस फार लांब झाले आहेत.

नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटीने साडेतीन-चार तास. वरोऱ्यानंतर रस्त्याकडेची झाडं कोळशाच्या धुळीने राखाडी होत जातात. जटपुरा गेटच्या आसपास हजाराच्या आत बरी लॉज मिळते. सकाळी गाडीवरचे तर्री पोहे जरूर खा, पण तर्री आधी चाखून मग मागा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर शेजारचे काका म्हणाले, "पहिल्यांदा आल्या दिसता." दिवसभरात माझ्याशी बोलणारे ते एकटेच.

रविवारी विशाखा स्कूटरवर आली. केस पांढरे झालेत. शाळेत विज्ञान शिकवते. मिठी वगैरे काही झालं नाही. "बस मांगं," म्हणाली.

पठाणपुरा गेटातून बाहेर पडून आम्ही इरई आणि झरपट जिथे मिळतात तिथे गेलो. शहराचं सांडपाणी घेऊन आलेली झरपट इकॉर्नियाने, म्हणजे जलपर्णीने, हिरवीगार झाली होती. लांबून हिरवळ वाटते. जवळ गेलं की वास येतो. "इथी मांगूर मासोळी सापडते फक्त," विशाखा म्हणाली. "ते वर येऊन हवा घेते, म्हणून जगते."

मग तिने मला उलट्या दिशेने, शहराच्या वरच्या अंगाला नेलं. तिथे गाळ काढल्यावर इरईचं पात्र मोकळं झालंय. चपला काढून ती पाण्यात उतरली, वाळूत हात घालून एक जिवंत शिंपला वर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "दोन-तीन वर्षांपासून दिसून राह्यले. घाण थांबली का नदी आपली आपण सुधरते. आपल्याले फक्त थांबवा लागते."

मी शिंपला पुन्हा वाळूत ठेवला. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सही काऊन केली?"

"नोकरी जाईल म्हणून."

"माझी गेली ना."

"हो."

"आन तो तक्रारवाला? त्याचं काय झालं?"

"आपला अहवाल पाहून तक्रार निकाली काढली."

"त्याले भेटली तू?"

"नाही."

"मग इथी कायले आली? माझ्याआधी तिथी जायचं होतं."

तिने जेवायला घरी नेलं. झिंग्याची भाजी आणि भात. तिच्या आईने आग्रहाने वाढलं. दुसऱ्या दिवशी वर्धा-वैनगंगेच्या संगमावर चपराळ्याला चलशील का, असं मी विचारलं तर म्हणाली, "नाई. तू जा."

चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे आष्टीची एसटी धरा. अडीच तास लागतात. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. आष्टीहून चपराळ्याला ऑटो मिळतो, पण परतीचं त्याच्याशी आधीच ठरवून ठेवा. सागाच्या जंगलातून रस्ता नदीपाशी येतो. इथे वर्धा वैनगंगेला मिळते आणि पुढे प्राणहिता होते. इरईचं पाणी वर्धेतून इथवर येतं.

काठावर एक म्हातारे ढिवर, म्हणजे इथले मासेमार, आपला लाकडी डोंगा ओढून घेत होते. त्यांना विचारलं, "भाऊ, चंद्रपूरचं पाणी इथे कळतं का?"

"उन्हाळ्यात कळते थोडं. पान्यापावसात नाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकल्याच आल्या का बाई?"

"हो."

"एवढ्या दुरून?" एवढंच म्हणून ते डोंग्यातलं पाणी उपसायला लागले. मी तासभर तिथेच बसून होते. दोन नद्यांचं पाणी इतकं रुंद, इतकं शांत पसरलं होतं की 'बघ ना' म्हणायला शेजारी कुणीतरी हवं होतं. ऑटोवाल्याने हॉर्न दिला तेव्हा उठले.

घरी आल्यावर चार दिवस नुसते गेले. पाचव्या दिवशी कोळीवाड्यात गेले. तक्रार करणारे ते गृहस्थ आता थकले आहेत, मुलगा बोट विकून नोकरीला लागलाय. ओहोटीची, भरतीची, सहीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून ऐकली.

"हे लिहून द्याल?" त्यांनी विचारलं.

तिथेच त्यांच्या नातीच्या वहीच्या कागदावर लिहून दिलं, खाली सही केली. त्याचं पुढे काय होईल, माहीत नाही. त्यांनी चहा विचारला नाही, मलाही थांबावंसं वाटलं नाही.

ही पोस्ट टाकण्याआधी विशाखाला वाचायला पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं. प्रवासाबद्दल, कोळीवाड्याबद्दल एक शब्द नाही. नदीकाठच्या प्रसंगात मी एक वाक्य लिहिलं होतं, की तिच्या बोलण्यात राग नव्हता. "ते काढ," तिने लिहिलं होतं. "राग होता. अजून हाय."

ते वाक्य काढलं आहे.