बंदरावरची निरंक वही

“कोल्हापुरात बंदर कवा झालं म्हणायचं, सर? पंचगंगेत जहाज लागलं की सांगा, हार घिऊन येतो.”

खालचा झेरॉक्सवाला जिन्यात सरांना म्हणत होता. सर हसले. मी दाराच्या आत उभी होते आणि माझ्या हातात बंदराचीच फाइल होती.

ऑफिस दोन खोल्यांचं. सर कॉलेजातून निवृत्त झालेले. सरकारी योजनांचं मूल्यमापन करून द्यायचे. माझं इंग्रजी बरं, म्हणून अहवाल मी लिहायचे. या वेळचं काम मात्र मूल्यमापनाच्याही आधीचं होतं. घाटाखालच्या एका लहान बंदरावर काही वर्षं सुरक्षेचा कार्यक्रम चालला होता. कुंपण, कॅमेरे, ओळखपत्रं, पहारेकऱ्यांचं प्रशिक्षण. त्याचं मूल्यमापन करण्यात अर्थ आहे का, एवढंच आम्हाला सांगायचं होतं. आहे म्हटलं तर पुढचं वर्षभराचं कामही आमच्याकडेच येणार होतं. नाही म्हटलं तर मार्चअखेर माझी मुदत संपत होती, आणि नोकरी संपली की स्थळं बघायची, हे घरी ठरलेलं होतं.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या वर्षी कशाचंच वाटत नव्हतं. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. सकाळी डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी रिकामा आणायचा.

बंदरावर आम्ही दोन दिवस होतो. सर अधिकाऱ्यांशी बोलत बसले आणि मला फाटकाच्या केबिनमध्ये नोंदवह्या वाचायला बसवलं. मराठी हस्ताक्षर वाचायला मला वेळ लागतो; बोट ठेवून वाचते. पण तिथे वेळ लागला नाही. तारीख, पाळी, सही, आणि ‘घटना’ या रकान्यात रोज एकच शब्द: निरंक. म्हणजे काही घडलं नाही. कार्यक्रमाच्या आधीच्या वह्या मागवल्या. त्यांतही निरंक.

फाटकावरचे पहारेकरी मामा फौजेतून निवृत्त झालेले होते. मी कोल्हापूरची म्हटल्यावर एकदम सरसावून बसले.

“मग पावण्याच की तुम्ही! आमी उचगावचं. च्या घ्या.”

मी चहा घेतला. वही मिटता मिटता विचारलं, “इथे खरंच कधी काही होत नाही?”

“हुतंय की, न हुयाला काय झालं? मागं ट्रकनं फाटक उडवलं. एक खलाशी पास नसताना आत शिरला, त्याला धरला.” ते हसले. “पर ल्याहायचं न्हाय. काय लिवलं की दुसऱ्या दिवशी वरनं कागद येतोय, खुलासा करा म्हणून. निरंक लिवलं की समदी सुखी. तुमी कुटं बोलू नका हं, ताईसाहेब.”

मी मान हलवली. मान हलवणं मला जमतं.

परतल्यावर कार्यक्रमाच्या फोटोंचा अल्बम चाळत होते. एका सरावाचे फोटो होते. घुसखोर म्हणून पाठवलेले दोघे बोटीने आले, कुणी अडवलं नाही, आणि कँटीनमध्ये बसून वडे खाताना त्यांचे फोटो काढलेले. कोपऱ्यात तारीख होती. वह्यांच्या आणलेल्या झेरॉक्समधून मी त्या तारखेचं पान काढलं. निरंक.

मी अल्बम आणि पान सरांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

“निरंक हीसुद्धा माहितीच की गं,” ते म्हणाले. “घटना नाहीत म्हणजे कार्यक्रम चालला, असंही मांडता येतं.”

“आधीही नव्हत्या,” असं मनात म्हणाले. त्यांनी ‘मूल्यमापनास योग्य’ असा मसुदा सांगितला आणि मी तो टाइप केला. रागही आला नाही. फक्त टाइप करताना ‘घटना’ हा शब्द आला की बोटं थांबायची.

कार्यक्रमाला निधी देणाऱ्या संस्थेचे साहेब पुढच्या आठवड्यात आले. सरांच्या टेबलाभोवती आम्ही तिघं. मसुदा त्यांनी शांतपणे वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “वह्या तुम्ही वाचल्यात ना? तुम्हाला काय वाटतं?”

मला काय वाटतं, हे कुणी बऱ्याच दिवसांत विचारलं नव्हतं. सर माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, काळजीने. मला मार्च आठवला. आईने काढून ठेवलेली साडी आठवली. उचगावच्या मामांना हललेली माझी मान आठवली. त्यांचं नाव न घेता सांगता येईल का, हे मी मनात एकदा जुळवून पाहिलं. माझ्याही रकान्यात कितीतरी दिवस तोच शब्द होता.

अल्बम उघडून मी त्यांच्याकडे सरकवला. आवाज फार बारीक आला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून बोलले.

“साहेब, आत्ता मोजायला काहीच नाही. बोट आत आली, त्या दिवशीसुद्धा वहीत निरंक आहे. आधी वर्षभर, खरं लिहिलं म्हणून कुणाकडे खुलासा मागू देऊ नका. मग मूल्यमापन करा. तेव्हा मी इथे नसले तरी चालेल.”