मोठ्या बरणीचं ग्लेज

शाळा चौथीपर्यंतच झाली, पण बरण्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं ग्लेज मीच लावलं. ग्लेज म्हणजे बरणीवरची चकाकी. भट्टीत जाण्याआधी ते नुसतं कालवलेल्या चुन्यासारखं दिसतं. बादलीत बोट बुडवून वर काढायचं. नख झाकलं गेलं पण त्याची कड दिसत राहिली, की बरोबर. मग बरणी बुडवा, तीन आकडे मोजा, काढा. वजनकाटा मी कधी हातात धरला नाही.

आता घरामागच्या शेडमध्ये सून भांडी करते. ती हे काम रीतसर शिकून आली आहे. बादली मात्र मीच कालवतो.

भिवापूरला तिच्या आईची लोणच्याची बरणी फुटली. तेवढीच मोठी बरणी सुनेनं आठ दिवस खपून हातानं उभी केली, वाळवली, एकदा भाजली. आमच्या कुठल्याच बादलीत ती बुडेना. आतून मी ग्लेज फिरवून घेतलं, ते छान बसलं. बाहेरचा प्रश्न राहिला.

"बाबा, फवाऱ्याच्या गननं मारू. पण पातळ करा लागते."

"काहून? गाडीले रंग मारून राहिली का तू?"

"इतक्या घट्टानं गन जाम होते ना."

"त फेक ते गन. पाणी टाकणं सोपं हाये वं, मंग काढून दाखव."

"जास्त झालं त रात्रभर बसू द्याचं. वरचं पाणी काढून घेता येते."

मी उठून गेलो.

दुसऱ्या दिवशी ती कामठीला गेली. मी बरणी टबावर पालथी मांडली आणि माझं ग्लेज मगानं वरून ओतलं. बुडवलं की सगळीकडे एकदम थर बसतो. ओतताना तसं होत नाही. भाजलेली माती पाणी लगेच पिते, पहिला थर सुकतो, त्यावर दुसरा चढतो. बोटाएवढ्या जाड धारा उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत त्यांना भेगा पडल्या.

सून आली, बरणीभोवती फिरली.

"आईले सांगून ठेवलं होतं मी, बरणी येऊन राहिली म्हणून."

"भट्टीत होते सगळं सारखं," मी म्हणालो.

खोटं बोललो. ते ओघळून खालच्या फरशीला चिकटलं असतं, आणि बरणी फोडूनच काढावी लागली असती.

सकाळी कोणाला न सांगता नळाखाली बसलो आणि स्पंजानं सगळं बाहेरचं ग्लेज धुऊन काढलं. दुपार गेली. दोन दिवस बरणी उन्हात ठेवली. मग वेगळ्या बादलीत ग्लेज घेऊन सुनेपुढे ठेवलं.

"टाक पाणी."

"किती टाकू?"

मी बोट बुडवलं. फवाऱ्यासाठी नख कसं दिसायला पाहिजे, हे मला कुठं ठाऊक!

"मले नाही माहीत. तूच पाह्य."

तिनं पाणी घातलं, फडक्यातून गाळलं, फुटक्या तुकड्यावर मारून पाहिलं. ओघळलं.

"जास्त झालं. तुमचं थोडं घट्ट द्या, बाबा."

मी मगभर दिलं. तिसऱ्या तुकड्यावर बरोबर बसलं.

मग तोंडाला रुमाल बांधून तिनं गन धरली आणि मी बरणीखालचं चाक फिरवलं.

"हळू बाबा. थांबू नका."

बरणी आता भिवापूरला आहे, मिरचीचं लोणचं भरून. गळ्याखाली एका जागी ग्लेज जरा जाड आहे. तो दोष गनचा नाही. तिथं मी थांबलो होतो.