आत्याने अडवलेले ब्रश

माझी आत्या नेमकं काय काम करते, हे शाळेत असताना मला कधी धड सांगता आलं नाही. मैत्रिणींची माणसं बँकेत होती, दवाखान्यात होती. आत्या मात्र व्यापारी संघाच्या दुसऱ्या मजल्यावर बसून कुठली वस्तू कुठे जन्मली ते लिहून द्यायची. परदेशी जाणाऱ्या मालाला मूळ देशाचा दाखला लागतो. माल खरोखर आपल्याकडे तयार झालाय, दुसरीकडून आणून नुसतं खोकं बदललेलं नाही, असं त्यात म्हटलेलं असतं. ज्या देशाशी आपला मुक्त व्यापार करार झालाय, तिथे हा कागद दाखवला की आयात शुल्क माफ. कागद नसेल तर तोच माल महाग पडतो आणि तिथला दुकानदार तोंड फिरवतो.

काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "ह्याचं माहेर कुठलं?" मेणबत्त्या आणल्या तर मेणाचं माहेर वेगळं, वातीचं वेगळं. त्यावरून कचेरीत तिचं नावच 'माहेरबाई' पडलं होतं. तिने लग्न केलं नव्हतं. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर दोन खोल्यांत राहायची आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची.

मी नववीत असताना आणखी एका देशाशी नवा करार झाला. वर्तमानपत्रात दोन मंत्री हात मिळवतानाचा फोटो आला. लोक त्या फोटोबद्दल बोलत होते, आणि आत्या सहाशे पानांचं बाड घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती. ओळीखाली फूटपट्टी धरायची, कानामागे पेन्सिल खोचायची आणि मधूनच 'अस्सं!' म्हणायची.

"ताई, कादंबरी आहे का ती?" बाबांनी विचारलं.

"पहिली वीस पानं नुसतं गोड बोलतात रे. खरं काय ते परिशिष्टात."

बाबा तिच्याहून सहा वर्षांनी लहान. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा भिंती रंगवायच्या ब्रशचा कारखाना होता. दांडे कातायचं एक यंत्र, सरसाचा वास आणि सात माणसं. करार झाल्यावर चार महिन्यांत त्याच देशातून त्यांना पत्र आलं, हजार डझन ब्रश हवेत. एवढी मोठी मागणी कधी आलीच नव्हती. बाबा दोन दिवस जमिनीवर नव्हते.

"दाखल्याचं ताईंना आधी विचारून घ्या," आई म्हणाली.

"अगं, सख्खी बहीण आहे ती. विचारायचं काय त्यात?"

माल तयार झाला, खोकी भरली, आणि मग बाबा इस्त्रीचा शर्ट घालून अर्ज द्यायला गेले. सुट्टी होती म्हणून मीही गेले. आत्याने अर्ज वाचला. सहाव्या रकान्याशी तिची पेन्सिल थांबली.

"जुड्या बाहेरून आल्यात?"

ब्रशला जे राठ केस लागतात, ते एकसारखे करून मुळाशी घट्ट बांधतात, त्याला जुडी म्हणतात. पूर्वी बाबा सुटे केस मागवायचे आणि जुड्या कारखान्यातच बांधल्या जायच्या. चार वर्षांपासून मात्र ते एका तिसऱ्याच देशातून बांधलेल्या तयार जुड्या आणत होते.

"हो, मग?"

"भावाचा माल मला बघता येणार नाही. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांकडे जाईल. पण तिथेही अडणार. परिशिष्टात सुटे केस कच्चा माल आहेत. बांधलेली जुडी मात्र ब्रशच्याच रांगेत बसवलीय. म्हणजे करार म्हणतो, तू ब्रश आणलास आणि ब्रशच पाठवतोयस."

"दांडा मी कातला! पत्रा मी ठोकला! ब्रश जोडला कोणी, त्या मंत्र्यांनी?"

"मला ठाऊक आहे रे. कराराला ठाऊक नाही."

मागे रांगेत आठ-दहा माणसं उभी होती. बाबांनी अर्ज ओढून घेतला आणि जिना उतरले. मी आत्याकडे पाहिलं. तिने पुढचा कागद घेतला होता, पण पेन्सिल उलटी धरली होती.

दोन रविवार घरात बहीण-भाऊ बोलले नाहीत. आत्या नेहमीसारखी यायची. बाबा वर्तमानपत्राची भिंत उभी करून जेवायचे. "आत्याला सांग, मीठ इकडे दे." मीठ दोघांच्या मध्ये असायचं आणि मी टेबलाच्या टोकाला. हजार डझन ब्रश शेडमध्ये तसेच पडून होते.

तिसऱ्या रविवारी आत्या घरात न येता सरळ शेडमध्ये गेली. हातात परिशिष्टाचं एकच पान.

"हे ब्रश इथल्या बाजारात वीक. त्यांच्याकडून दीड महिना मुदत मागून घे. सुटे केस आण, कुठल्याही देशातून आण, चालतील. फक्त जुडी इथे बांध. मग ब्रश आपला."

"बांधणार कोण? आजी तर गेल्या."

म्हणजे वारल्या नव्हत्या. वीस वर्षं आमच्याकडे जुड्या बांधणाऱ्या त्या बाईंना सगळे आजीच म्हणायचे. तयार जुड्या येऊ लागल्या तेव्हा बाबांनीच त्यांना घरी बसवलं होतं, आणि त्यानंतर त्या रस्त्यात दिसल्या तर बाबा पलीकडच्या बाजूने जायचे.

"विचारून बघू," आत्या म्हणाली. "मी येते बरोबर."

आजी लेकीकडे राहत होत्या. आम्ही तिघं दारात उभे राहिलो, तेव्हा त्या वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"चार वर्षांनी आठवण झाली होय रे?"

बाबा खाली मान घालून उभे. "चुकलंच माझं, आजी."

आजींनी वाटाणे बाजूला सारले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती.

"ही आता ऐकत नाहीत माझं. पण तोंड शाबूत आहे. शिकवीन पोरींना. खिडकीजवळची खुर्ची माझी, आणि मधे मधे येऊन घाई करायची नाही."

त्यांनी पाच जणींना शिकवलं. आत्याने आठ दिवस रजा काढली आणि तीही शिकायला बसली. तिने बांधलेली जुडी उचलली की केस भुरूभुरू गळायचे. आजी शेवटी म्हणाल्या, "बाई, तुमचं ते शिक्क्यांचं कामच बरं आहे."

आत्याच्या शेजारच्या टेबलाचे साहेब स्वतः येऊन सगळं बघून गेले, मग दाखला मिळाला आणि माल गेला. दुसरी मागणी आली, तिसरी आली. सहा महिन्यांनी त्या देशाच्या सीमाशुल्क खात्याचं पत्र आलं. करारात तशी सोय असते. शंका आली तर येऊन तपासता येतं. एवढ्याशा कारखान्यात जुड्या बांधतात यावर त्यांचा विश्वास नव्हता.

दोन अधिकारी आले, सोबत दुभाषी. आत्या मुद्दाम कचेरीतच थांबली. एका अधिकाऱ्याने विचारलं की हे सगळं आजच्यापुरतं मांडलेलं नाही कशावरून? दुभाष्याने जरा सौम्य करून सांगितलं, तरी आजींना कळायचं ते कळलं. त्यांनी मूठभर सुटे केस त्याच्या हातात ठेवले.

"ह्याला म्हणावं, बांध. एका दिवसात जमतंय का बघू दे."

त्याने खरंच प्रयत्न केला. केस त्याच्या काळ्या कोटभर झाले. मग आमच्या पोरींपैकी एकीने अर्ध्या मिनिटात जुडी बांधून त्याच्यापुढे ठेवली. तो हसला, कोट झटकला आणि वहीत बराच वेळ लिहीत राहिला.

महिन्याभराने होकाराचं पत्र आलं. बाबा ते घेऊन कचेरीत गेले आणि रांगेत उभे राहून आत्यापर्यंत पोचले.

"ताई, त्या दिवशी तू माझ्यासाठी शब्द टाकला असतास तर आज काळ्या यादीत असतो."

"मी टाकलाच नसता."

"तेच म्हणतोय मी." बाबांनी पत्र तिच्यापुढे ठेवलं. आत्याने चष्मा काढून पुसला आणि त्यांना सांगितलं, पत्राची एक प्रत इथे लागेल.

आत्या निवृत्त व्हायच्या वर्षी कराराचा फेरविचार चालू होता. सरकारने व्यापाऱ्यांची सभा बोलावली, प्रत्येकाला तीन मिनिटं. कुणी शुल्काबद्दल बोललं, कुणी बंदरांबद्दल. संघातर्फे गेलेल्या आत्याने एवढंच मागितलं की छोट्या कारागिराला कुणाला न विचारता वाचता येईल अशी एक पुस्तिका काढा, साध्या भाषेत, मोठ्या अक्षरात. ती निघाली. बारा पानांची. बाहेरून आणलेला कुठला भाग चालतो नि कुठला नाही, ते पान सातवर. त्यात आत्याचं नाव कुठेच नव्हतं, पण तिने पन्नास प्रती मागून आणल्या आणि पर्समध्ये घेऊन फिरायला लागली.

गेल्या महिन्यात तिला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. कवळीचं माप देऊन झालं, तोंड बधिर होतं, तरी खुर्चीतून उठता उठता तिने पर्स उघडली.

"ह्या कवळ्या तुम्ही इथेच बनवता, डॉक्टर?"

"हो, आतल्या खोलीत."

"आणि दात?"

"दात बाहेरून येतात."

"मग पान सात वाचा," आत्या म्हणाली आणि पुस्तिका त्यांच्या हातात ठेवली.