नसलेल्या फोल्डरमधला आवाज

आधीच सांगतो, मी आयटी सपोर्टचा माणूस. कुणी भूत, चकवा वगैरे सांगायला लागलं की मी विचारतो, "रीस्टार्ट करून बघितलंत का?" त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. हसा तुम्हीही, पण पूर्ण वाचा.

भिवंडीजवळ मानकोली नाक्यावरून आत वळलं की गोदामांची रांग लागते. त्यातल्या एकात मी पाच वर्षं आहे, घर जवळच्याच कोन गावात. आमच्याकडे माल पॅक करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात स्कॅनर असतो. तो चालू झाला की आधी एक कॉन्फिग फाइल वाचतो... भाषा कुठली, आवाज कुठल्या फोल्डरमधून घ्यायचे. मग त्या फोल्डरमधल्या आवाजाच्या फाइली लोड करतो आणि बोलतो, 'पुढचा खोका घ्या', 'माल चुकला'. फाइल सापडली नाही तर नुसता 'टीं' वाजतो. एवढं लक्षात ठेवा, बाकी तंत्रज्ञान मी तुमच्या माथी मारत नाही.

कंपनीचा मराठी आवाज बातम्या वाचल्यासारखा होता, कुणी ऐकायचंच नाही. म्हणून मी ताराकाकींना गाठलं. काकी काल्हेरच्या, पॅकिंगच्या टेबलावर सगळ्यांत मोठ्या, आणि आवाज असा की इथून हाक मारली तर डॉकवरचा ड्रायव्हर वळून बघेल. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्टेशनरीच्या खोलीत बसून आम्ही सगळी वाक्यं रेकॉर्ड केली, प्रत्येक एकदाच. शिफ्ट सुटताना कार्ड स्कॅन केलं की वाजायचं ते शेवटचं वाक्य मी लिहून दिलं होतं, 'काम संपले. आता जा.' काकींनी कागद खाली ठेवला.

"ह्या न्हाय बोलनार मी. घरा चाललेल्या मानसाला 'जा' बोलतान काय कवा? आन् 'संपला' पन न्हाय."

"मग काय बोलणार, काकी?"

"काम झाला. सावकास या."

तेच ठेवलं. आधी पोरं हसली, मग महिनाभरात त्या आवाजाशिवाय कुणाचं पान हलेना. फोल्डरचं नाव मी घाईत 'टेस्ट२' दिलं होतं, नंतर बदलू म्हणून. वाचकांत कुणी प्रोग्रामर असेल तर त्याला पुढचं आत्ताच कळलं असेल.

काकींची मुलगी प्रणाली त्याच टेबलावर होती. कामाला चपळ, पण जेवणाचा डबा विसरण्यात पहिला नंबर. रोज शिफ्ट सुटली की काकी गोदामाच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडायच्या, "डबा घे गो बाय!" आणि प्रणाली लाजत परत यायची.

गेल्या श्रावणात काकी झोपेतच गेल्या. त्यानंतर महिन्याभरात नवा सर्व्हर आला, नवे स्कॅनर आले, जुने पुसून कंपनीला परत गेले. जुन्या सर्व्हरवरचं सगळं हलवताना मला 'टेस्ट२' दिसला... आणि मी तो कचरा समजून उडवला. बॅकअपही नव्याने घेतला, त्यात जुना पुसला गेला. कॉन्फिगमध्ये मात्र जुनाच पत्ता राहिला, त्यामुळे नवे स्कॅनर नुसते 'टीं' करायला लागले. बघू सावकाश, म्हणून मी ते तसंच सोडलं.

मार्गशीर्षात प्रणालीचं लग्न ठरलं, सासर पेणचं. ती माझ्याकडे आली. "दादा, आईचा आवाज पेनड्राइव्हमध्ये द्याल? हळदीला लावायचाय. दुसरा कुठेच नाहीये. फोन लावला की दोन शब्द बोलून कट करायची, आणि गाण्यांच्या व्हिडिओत सगळ्या बायकांत तिचा आवाज वेगळा निघत नाही."

मी "देतो" म्हणालो आणि शोधायला गेलो. तेव्हा कळलं मी काय केलंय ते. पुढचे आठ दिवस मी तिला टाळत होतो. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "असू दे ना दादा. तुम्ही मुद्दाम थोडीच केलंत?" चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तिचा शेवटचा दिवस, शनिवार, दुपारचे चार. स्कॅनर परत घेतल्याची सही घ्यायला मी तिच्या टेबलापाशी उभा होतो. मागे रईसभाई फोर्कलिफ्टवर होते. प्रणालीने सुट्टी करण्यासाठी कार्ड स्कॅन केलं. मी 'टीं'ची वाट बघत होतो.

"काम झाला. डबा घे गो बाय, न् सावकास ये."

रईसभाईंनी इंजिन बंद केलं. "अरे... ये तो काकी हैं!"

आम्ही तिघांनी टेबलाकडे बघितलं. चिकटपट्टीच्या रोलमागे स्टीलचा डबा होता. शेवटच्या दिवशीही विसरलेला!

प्रणाली रडेल असं मला वाटलं. ती चक्क हसली. डबा उचलला, स्कॅनर चार्जिंगला लावला आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "येते गो आये."

मी लगेच तो स्कॅनर उघडून बसलो. काकी गेल्यावर खोक्यातून काढलेला, कोरा. त्यात मराठी आवाजाची एकही फाइल कधी आलेली नव्हती. लॉगमध्ये चार वाजताची नोंद सरळ होती... फाइल सापडली नाही, 'टीं' वाजवला. मशीनच्या मते आम्ही 'टीं' ऐकला. आणि समजा फाइल असती, तरी त्यात 'डबा' नव्हता. रेकॉर्ड मीच केलं होतं ना!

पुन्हा पुन्हा कार्ड स्कॅन करून बघितलं. 'टीं'. आजवर 'टीं'च.

प्रणाली पेणला मजेत आहे. हळदीला आवाज लावता आला नाही याचं तिला काही वाटत नाही, "मला मिळाला ना" म्हणते. माझंही मन हलकं झालंय, खोटं कशाला बोलू.

मी तक्रारीचं तिकीट कधी उघडं ठेवत नाही, हे एकच आहे. नव्या साहेबांनी विचारलं, कॉन्फिगमध्ये नसलेल्या फोल्डरचा पत्ता कशाला? मी म्हटलं, राहू द्या, काही अडत नाही. रोज सकाळी स्कॅनर तो फोल्डर शोधतात, सापडत नाही, कामाला लागतात. आणि संध्याकाळी दिवे बंद करताना मीसुद्धा त्या टेबलाकडे बघून 'येतो काकी' म्हणतो. आधी डबा घेतलाय का ते बघतो.