नऊ परस विहिरीचं अपील

१८ फेब्रुवारी १९९९. लातूरचं दिवाणी न्यायालय. विहिरीपोटी आमची मागणी एक लाख वीस हजार रुपये. हजर: न्यायाधीश, सरकारी वकील, आमचे वकील, आई, मी आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चाचा. चाचा म्हणजे आमच्या विहिरीचं दगडी बांधकाम करणारे गवंडी. वडील गेल्यावर त्या विहिरीचा तळ पाहिलेला तेवढा एकच माणूस उरला होता.

भूकंपानंतर नवं गाव वसवायला सरकारनं आमची तीन एकर दहा गुंठे जमीन घेतली. त्याबद्दल तक्रार नव्हती. लोक पत्र्याच्या शेडात राहत होते आणि कुणाची तरी जमीन जाणारच होती. दर कमी वाटला, पण खरी तक्रार ही, की भूकंपात विहिरीचं बांधकाम आत ढासळलं आणि मोजणीला आलेल्या माणसानं पंचनाम्यात विहीर न लिहिता खड्डा लिहिलं. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद वडिलांनी कधी करूनच घेतली नव्हती. खड्ड्याची भरपाई शून्य.

सरकारी वकिलांनी विचारलं, "खोली किती होती?"

"नऊ परस."

"फुटात सांगा."

"फुटात कसं सांगू, साहेब? विहीर परसात मोजतेत. माणूस उभा ऱ्हायचा, हात वर करायचा, तेवढा एक परस. हे बघा, असा."

चाचांनी पिंजऱ्यातच उजवा हात सरळ वर केला. मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी नाझराकडून टेप मागवली, चाचांना भिंतीपाशी उभं केलं आणि बोटांच्या टोकाशी शिपायाकडून खडूची रेघ मारून घेतली. सात फूट एक इंच. मी हातातल्या कागदावर लगेच गुणाकार केला: त्रेसष्ट फूट नऊ इंच. न्यायाधीशांनीही केला असावा, कारण निकालात जमिनीचा दर वाढवून दिला, विहिरीचे चौऱ्याऐंशी हजार धरले आणि साक्षीदार विश्वास ठेवण्याजोगा आहे असं लिहिलं.

जबानीत मात्र उतरलं एवढंच, की खोली नऊ परस होती. वर केलेला हात, खडू, टेप, काहीच नाही. जबानी वाचून दाखवली तेव्हा मी तिथंच होतो. किराण्याच्या बिलात आठ आणे चुकले तर दुकानात परत जाणारा माणूस मी, आणि ती ओळ मला पुरेशी वाटली. आमच्या वकिलांनाही वाटली. त्यांना दोष देऊन मी पुष्कळ वर्षं काढली, पण कान माझेही उघडे होते.

सरकार अपिलात गेलं. आजोबांच्या वेळी अपील हैदराबादला जायचं, वडिलांच्या वेळी मुंबईला, आमच्या वेळी औरंगाबादला. अंतर कमी होत गेलं, वेळ नाही. निम्मी रक्कम, हरलो तर परत भरू अशा हमीपत्रावर, उचलता आली. त्यात विहिरीचे बेचाळीस हजार. तोवर आमच्या गल्लीत क्लासच्या पोरांना खोल्या द्यायला घराघरावर मजले चढले होते. त्या बेचाळीस हजारांत आमच्या मुलीचा मेडिकलचा क्लास झाला. तिला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. ती वकिलीकडे गेली, तरी अपील यादीतच होतं.

अपिलाच्या अर्जातला चौथा मुद्दा असा: साक्षीदार पढवलेला आहे, त्याला साधी खोलीही फुटात सांगता येत नाही. चाचा तेव्हा लेकीकडे नांदेडला राहत होते. मी त्यांना तो मुद्दा वाचून दाखवायला नको होता. दाखवला.

"मला झूठा म्हणून राहिले का?"

"तसं नाही, चाचा. वकिलांची भाषा असते ती."

"मग मी येतो ना औरंगाबादला. हात अजून वर जातो. बघ." हात कोपराशी थरथरत होता, तरी वर गेला.

"तिथं साक्षीदाराला बोलवत नाहीत. कागद वाचतात."

"मग कागदाला कसं कळंल, मी खरा का झूठा?"

मी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. 

त्याच सुमारास मुलीला कॉलेजात उत्तर युरोपातल्या अपील न्यायालयांवर प्रकल्प करायचा होता. तिकडचं आपल्या काय कामाचं, असं म्हणत म्हणत मीही तिच्याइतकंच वाचून काढलं. स्वीडनच्या राजाकडे राज्यभरातून गाऱ्हाणी यायची, एकट्यानं ऐकणं होईना, म्हणून १६१४ साली स्टॉकहोमला पहिलं अपील न्यायालय बसवलं. तंटा तिथंच संपावा असा बेत होता. लोक तरी राजापर्यंत जातच राहिले. इथवर सगळं ओळखीचं. पुढचं नव्हतं. आता तिथं खालच्या कोर्टातली साक्ष चित्रित करून ठेवतात आणि अपिलात तीच पडद्यावर लावतात. साक्षीदाराला दुसरा हेलपाटा नाही आणि वरच्या न्यायाधीशांना माणूस दिसतो.

"म्हणजे चाचांचा हात दिसला असता," मी म्हणालो.

"पप्पा, चित्रण २००८ पासून. चाचांच्या साक्षीच्या वेळी तिकडंही नुसता आवाज टेप करायचे. 'असा' एवढंच ऐकू आलं असतं. आणि आता तिकडं बऱ्याच अपिलांना आधी परवानगी लागते."

"सरकारला ती मिळाली नसती, तर अजून बरं."

"तुम्हाला फक्त आपल्या सोयीचं स्वीडन पाहिजे," ती म्हणाली.

जून २०१४ मध्ये अपील सुनावणीला निघालं. अकरा मिनिटं चाललं. मी घड्याळ लावलं होतं. न्यायाधीश सभ्य होते. त्यांनी विचारलं, "परस म्हणजे नेमकं किती? रेकॉर्डवर कुठं आहे?" आमचे वकील पानं उलटत राहिले. मी मागच्या बाकावरून उठलो आणि हात वर करायला निघालो. त्यांच्या ज्युनिअरनं माझा शर्ट ओढला. "काका, बसा. बाहेर काढतील."

जमिनीचा वाढीव दर कायम राहिला. विहीर गेली. खोलीचा पुरावा पुरेसा नाही, एवढं एक वाक्य.

चाचांना सांगायला मी नांदेडला गेलो. आधी दराचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आणि विहीर?"

"नाही धरली."

"म्हंजे मी झूठा."

"तसं लिहिलं नाही, चाचा. पुरावा पुरेसा नाही असं लिहिलंय."

"तेच की, बेटा. जरा साबण लावून." मग लेकीला हाक मारून म्हणाले, "याला चहा दे. लई लांबून आलाय, न्हाई ते ऐकवायला."

त्यानंतर त्यांनी त्या विहिरीचा विषय माझ्याशी काढला नाही.

२१ जुलै २०१४ रोजी विहिरीपोटी उचललेले बेचाळीस हजार रुपये, व्याज माफ झाल्यामुळे तेवढेच, मी डीडीनं भूसंपादन कार्यालयाला परत भरले.