शनिवारी मारुती, सोमवारी माकड

दोष कुणाचा ते आधीच सांगतो: आमच्या बाबांचा. आणि त्यांच्या मित्रमंडळाचा. सगळे पुण्या-मुंबईहून परदेशात आलेले मॅनेजर, जंगलाला लागून एकाच कॉन्डोत फ्लॅट घेतलेले. मी कॉलेज सोडून एका कंपनीतर्फे याच कॉन्डोत माकडं हाकायचं काम करत होतो. त्यामुळे किस्से शोधावे लागायचे नाहीत. कचऱ्यासारखे साचायचे.

*

बाबा दर शनिवारी लिटिल इंडियातून केळी आणायचे आणि बाल्कनीतून हाक मारायचे, "या मारुतराया!" तुटक्या शेपटीची एक म्हातारी माकडीण यायची. ब्रह्मचारी मारुतीच्या पोटाशी पिल्लू असायचं, पण ते बाबांना दिसायचं नाही.

सोमवारी तीच स्वयंपाकघरात शिरली की कॉन्डोच्या ऑफिसला फोन. "मंकी मेनेस!"

"बाबा, शनिवारी मारुती आणि सोमवारी माकड?"

"माणसानं वार बघून वागावं!"

*

इथे माकडांना खायला घालणं गुन्हा आहे. गार्डने मंडळातल्या देशपांडेकाकांना तसा बोर्ड दाखवला.

काका म्हणाले, "धिस इज नॉट फीडिंग. धिस इज नैवेद्य!"

"मंकी डोन्ट नो, लाह!" गार्ड इथल्या ठेक्यात म्हणाला.

*

माकडं पकडायला पिंजरे लावायच्या परवान्यांचे नियम बदलणार म्हणून सरकारने सूचना मागवल्या. मी मंडळाला सुचवलं, जिथे खायला घालतात तिथे परवानाच देऊ नये, असं कळवा.

"एक डिग्री पूर्ण होईना, आणि हा सरकारला शिकवणार!" बाबा म्हणाले. सगळे हसले.

त्यांचं ठरलं, 'माकडांचा बंदोबस्त करावा.'

मी विचारलं, "बंदोबस्त म्हणजे? सोय, की काटा काढायचा?"

"अरे, म्हणून तर तो शब्द चांगला!" जोशीकाकू म्हणाल्या.

मग त्याचं इंग्रजी काय करायचं यावर तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांच्या गर्दीत, तासभर वाद. तीन इंजिनियर, दोन एमबीए. शेवटी सरकारला कळवलं काय? 'प्लीज डू द नीडफुल.'

*

नियम बदलायचे तेव्हा बदलतील. जुन्याच नियमांनी कॉन्डोला परवाना मिळाला आणि पिंजरा आला. माझ्याच कंपनीचा, आणि त्यात सापडलेलं माकड परत सोडत नाहीत, मारतात.

आठवडाभर माकडीण जवळसुद्धा फिरकली नाही. मला वाटलं, वाचली.

शनिवार आला. बाबांनी आंघोळ केली, केळी घेतली, खाली उतरले. पिंजऱ्यात केळं ठेवलं, मागे सरले आणि हाक मारली, "या मारुतराया!"

ती आली. पिल्लासकट.

दार पडलं तेव्हा बाबांनी हात जोडले होते.

दोन्ही मारली गेली. मी नोकरी सोडली. घरही सोडलं.