सेलूच्या शाळेतली लेझीम

निजामी जाऊन दोन-चार वर्षं झाली होती. सेलूच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. उर्दूच्या जागी मराठी आली तेव्हा शिकलेल्या बायका हुडकूनही सापडत नव्हत्या, म्हणून सातवी झालेल्या मला घरी येऊन बोलावलं. आमचे मालक, म्हणजे लेकरांचे वडील, कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. घरात आमची दोन लेकरं आणि थोरल्या जाऊबाई. सकाळी भाकरी थापून शाळा गाठायची, दिवसभर खुर्चीत बसायचं आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढं बसायचं. धाकट्याच्या बाळंतपणात चढलेलं अंग उतरलंच नाही. लेकरांनी ताटात टाकलेलं मला फेकवत नसे. उरलेला वरणभात, दुधात कुस्करलेली भाकर, सगळं माझ्याच पोटात जाई. पिठाची गिरणी आल्यापासून जातंही सुटलं होतं.

पोलकी उसवून सैल करून घेतली, तरी मला त्याचं काही वाटलं नव्हतं. वाटलं ते परभणीला गेल्यावर.

शाळाशाळांतून लेझीम सुरू करायची म्हणून पावसाळा सरताना तिथं शिक्षकांचं शिबिर भरलं. आमच्या शाळेतून मला पाठवलं. हलगीच्या तालावर खाली बसून उठायचा प्रकार आला आणि मी बसले ती उठेचना. शेवटी दोन बायकांनी बगलेत हात घालून मला उभं केलं. शिकवणारे मास्तर भले होते. हळूच म्हणाले, "बाई, तुमी सावलीत बसा. नुसतं बघितलं तरी चालतंय." हसलं कुणीच नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

परत आले तर मुख्याध्यापिकांच्या कानावर सगळं गेलेलं. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. त्या समजुतीनं म्हणाल्या, "लेझीम दुसऱ्या बाईंकडं देऊ. तुम्हाला घरचं किती असतं."

"नाही बाई," मी म्हणाले, "शिकायला मी गेले होते, शिकवणारही मीच. जानेवारीतल्या झेंडावंदनापर्यंत वेळ द्या."

तोंडातून निघून गेलं खरं. घरी येऊन ते मालकांना सांगितलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "करशील गं, पण येळ कुठून आणशील?"

वेळ नव्हताच. म्हणून रोजच्या कामातूनच व्यायाम काढला. पाणी भरणाऱ्या बाईला धुण्याभांड्यांचं काम दिलं आणि आडाचं पाणी मी स्वतः शेंदू लागले. शाळेत गल्लीतून न जाता स्टेशनाकडून लांबचा वळसा घेऊन जाऊ लागले. लेकरांचं उष्टं दारच्या म्हशीपुढं ठेवायचं ठरवलं. हे सगळ्यात अवघड गेलं. हात आपोआप तोंडाकडं यायचा. जाऊबाई म्हणायच्या, "म्हैस फुगायली अन् तू वाळायलीस!"

संध्याकाळी भाकरीचा तवा चढायच्या आधी अंगणात लेझीम. माझी थोरली त्याच शाळेत जायची. ती कमरेवर हात ठेवून माझी मास्तरीण व्हायची. "माय, पुरं बस! असं अर्धं चालत न्हाई." धाकटा पायाला मिठी मारून बसायचा, तर तसंच त्याला घेऊन मी पाय उचलायची.

दिवाळीच्या तोंडावर गुडघा सुजला. जाऊबाईंनी तेल कोमट करून चोळलं आणि दटावलं, "बास झालं आता. मास्तरणीला काय पैलवान व्हायचंय?" थोडे दिवस लंगडले. खाली बसणं बंद ठेवलं, पण उभ्यानं हात चालूच ठेवले. सूज उतरली तशी पुन्हा बसू लागले. मग एका संध्याकाळी ताल धरून मी खाली गेले आणि वर आले. माझ्या ध्यानातही आलं नाही. थोरली ओरडली, "उठली! माय उठली!" मालक अर्ध्या अंघोळीतून तसेच धावत आले. काय पडलं, कोण पडलं, त्यांना कळेना. आम्ही मायलेकी हसून हसून खाली बसलो, आणि मी पुन्हा उठले.

झेंडावंदनाच्या दिवशी शाळेपासून बाजारच्या मैदानापर्यंत आम्ही लेझीम नेली. कापसाचा हंगाम होता, रस्त्याच्या दोन्ही अंगाला गाड्या उभ्या होत्या. पुढं हलगी, मागं कासोटा घट्ट खोचलेली मी, आणि माझ्यामागं मुलींच्या रांगा. मैदानात खाली बसायचा ताल आला. मी बसले, उठले, पुन्हा बसले. लेझमीचा आवाज कुठं तुटला नाही. गाडीवरचा एक म्हातारा शेतकरी मोठ्यानं म्हणाला, "मास्तरीणबाई लय चपळ हाय बरं का!"

मालक जिनिंगच्या माणसांत उभे होते. चारचौघांत बायकोचं नावही न घेणारा हा माणूस. पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या घरची हाय ती."

पुढं तिसरं बाळंतपण झालं, अंग पुन्हा चढलं आणि मी ते पुन्हा उतरवलं. दुसऱ्या खेपेलाही ते सोपं गेलं नाही, फक्त भीती गेली होती. शाळेत नव्यानं आलेल्या बाया विचारायच्या, "तुमी दमत कशा न्हाई हो?" दमत होतेच की. पण मुलींच्या आधी थांबायचं नाही, एवढं मनाशी पक्कं होतं. नोकरी संपेपर्यंत मी त्यांच्या आधी कधी थांबले नाही. त्याचा मला अजून अभिमान आहे, आणि तो मी कुणापासून लपवत नाही.